विद्यापीठांच्या संगीत विभागांतील जाहीर व्याख्याने आणि कार्यशाळा : श्रोत्याच्या कानाला काय मिळते?

अनाहत (धागाकर्ता)

विद्यापीठांचे संगीत विभाग आपल्या नियमित वर्गांबरोबर व्याख्याने, सप्रयोग व्याख्याने आणि कार्यशाळा घेतात, आणि त्यांतल्या बऱ्याच कार्यक्रमांना बाहेरच्या माणसालाही येऊन बसता येते. मुंबई विद्यापीठ, एसएनडीटी महिला विद्यापीठ आणि पुण्याचे ललित कला केंद्र येथील असे कार्यक्रम मी नोकरी सांभाळून जमेल तसे ऐकत आलो आहे. मैफलींविषयी मराठीत भरपूर लिहिले जाते. या कार्यक्रमांविषयी मात्र निमंत्रणपत्रिकेपलीकडे फारसे काही वाचायला मिळत नाही.

माझे म्हणणे असे आहे की विद्यापीठाच्या व्यासपीठावरून संगीताविषयी जे विधान केले जाते, ते त्याच सभागृहात, त्याच बैठकीत श्रोत्याला आपल्या कानाने पडताळून पाहता आले पाहिजे. तसे होणार नसेल, तर तो मजकूर लेख म्हणून छापणे अधिक चांगले.

ही अपेक्षा जुनीच आहे. मार्च १९१६ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात अखिल भारतीय संगीत परिषद भरली आणि तिच्या आखणीत पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा मोठा वाटा होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश क्लेमंट्स यांनी बावीस श्रुतींच्या, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांच्या, आपल्या मांडणीनुसार तयार करवून घेतलेली हार्मोनियम त्या परिषदेत मांडली गेली आणि तिच्यावरून जोरदार वाद झाला. तो वाद ग्रंथातल्या वचनांपुरता राहिला नाही. गाणाऱ्या उस्तादांच्या गळ्यातले स्वर या पेटीशी जुळतात का, हा प्रश्न जाणकारांच्या भरसभेत उभा राहिला. त्या वादात कोणाची बाजू खरी, हे इथे ठरवायचे नाही. मला त्या सभेची रीत मोलाची वाटते. त्याच भातखंड्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा आपला मराठी ग्रंथ गुरू आणि शिष्य यांच्या संवादाच्या रूपात लिहिला. त्यात शिष्य मध्येच थांबवतो, शंका काढतो, आणि गुरूला पुन्हा मागे जाऊन समजावून सांगावे लागते.

मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे पहिले संचालक डॉ. अशोक रानडे हे अभ्यासक होते, तसेच गजाननबुवा जोशी यांच्यासारख्या गुरूंकडे शिकलेले गायकही होते. एसएनडीटीच्या संगीत विभागाचे प्रमुखपद प्रभाताई अत्र्यांनी सांभाळले, तेव्हा त्या देशभर मैफली करणाऱ्या गायिका होत्याच. बोलणारा माणूस पुढच्या क्षणी ते गाऊन दाखवू शकतो, ही सोय अशा विभागांना फार मोठी आहे, आणि ती वापरली जात नाही तेव्हा मला मनापासून वाईट वाटते.

पडताळणी म्हणजे नेमके काय, याचे एक उदाहरण देतो. एका सप्रयोग व्याख्यानात वक्त्यांनी षड्ज (सा) २४० हर्ट्झचा धरला आणि संगणकावरून दोन गंधार (ग) वाजवले. पहिला ३०० हर्ट्झचा होता, म्हणजे षड्जाशी पाचास चार या प्रमाणात असलेला. दुसरा सुमारे ३०२.४ हर्ट्झचा, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग पाडल्यावर पेटीला मिळणारा. एकामागून एक वाजवले तेव्हा सभागृहातल्या बहुतेकांना त्यांत फरक जाणवला नाही. मग दोन्ही एकत्र वाजवले, आणि आवाज सेकंदाला दोन-अडीच वेळा कमी-जास्त होत असल्याचे शेवटच्या रांगेपर्यंत सर्वांना ऐकू आले. भौतिकशास्त्रात यालाच विस्पंद म्हणतात. त्यानंतर तानपुऱ्याची फक्त खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची, तार छेडून तिच्यात उमटणारा गंधार ऐकायला लावला, आणि एका विद्यार्थिनीने त्यावर आपला गंधार लावला. हे सगळे दहा मिनिटांत झाले. पेटीच्या साथीविषयी आयुष्यभर ऐकलेली मते त्या दहा मिनिटांत मला पहिल्यांदा कळली.

याउलट जे घडते तेही सांगितले पाहिजे. दीपप्रज्वलन, स्वागत, परिचय, मनोगत आणि सत्कार यांत पाऊण तास जातो. मग वक्ते पडद्यावरची अक्षरे वाचून दाखवतात. तानपुरे लावून ठेवलेले असतात, पण त्यांना हात लागत नाही. आणि वेळ संपली म्हणून प्रश्नोत्तरे रद्द होऊन आभारप्रदर्शन होते. अहवालात कार्यक्रम नोंदला जातो. ऐकायला आलेल्या माणसाच्या हाती मात्र काही लागत नाही.

आपापल्या गावच्या विद्यापीठांतील अनुभव आणि सूचना इथे लिहाव्यात, ही विनंती.

झपताल

मी एका विद्यापीठाच्या संगीत विभागात पदव्युत्तर वर्गात शिकते. तुमच्या मुद्द्याशी सहमत आहे, परंतु व्याख्यानांपेक्षा कार्यशाळांची स्थिती मला अधिक काळजीची वाटते, म्हणून त्याविषयी लिहिते.

तीन दिवसांच्या कार्यशाळेत नामवंत गायक येतात आणि रोज दोन-तीन रागांतल्या बंदिशी देतात. चाळीस मुले एकाच वेळी मोबाइलवर ध्वनिमुद्रण करतात. कोणाचा स्वर कुठे लागला, हे पाहायला गुरूंना सवड नसते आणि विचारायला आम्हाला धीर नसतो. महिन्याभराने विचारले तर त्यांतली एकही बंदीश कोणाच्या गळ्यात बसलेली नसते. देणाऱ्याने मन लावून दिलेले असते, घेणाऱ्यालाही हवे असते, पण आखणीच अशी असते की काही मुरत नाही.

याउलट, एका ज्येष्ठ गायिकेने तीन दिवस फक्त भूप आणि देसकार घेतले. दोन्ही रागांत स्वर तेच पाच, पण भूपात भर गंधारावर आणि देसकारात धैवतावर. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला बंदीश दिलीच नाही. धैवतावर थांबून उतरायचे आणि गंधारावर थांबून उतरायचे, एवढेच आळीपाळीने करून घेतले. दुसऱ्या दिवशी डोळे मिटून बसायला सांगून त्या लहान लहान स्वरवाक्ये गात आणि प्रत्येक वाक्यानंतर भूप वाटले त्यांनी हात वर करायचा. तिसऱ्या दिवशी दोन्ही रागांतली एकेक बंदीश दिली, आणि ती कशी गायची हे तोवर आम्हाला निम्मे कळलेले होते. शेवटच्या रांगेत बाहेरून आलेली वयस्कर मंडळी होती. दुसऱ्या दिवशी त्यांचे हात आमच्याइतकेच अचूक वर जात होते.

मिरजेहून

या चर्चेत वाद्यांची कार्यशाळा आली पाहिजे. आमच्या गावच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि बातम्याही पुष्कळ आल्या, परंतु संगीत विभागांतल्या मुलांना तानपुऱ्याची जवारी, म्हणजे आवाज फुलवणारी घोडीची घडण, कशी लागते हे दाखवणारी बैठक क्वचितच होते. बऱ्याच विभागांतले तानपुरे जवारी बंद पडलेल्या अवस्थेत कोपऱ्यात उभे असतात आणि वर्ग इलेक्ट्रॉनिक यंत्रावर चालतो, हे मी वाद्ये दुरुस्तीसाठी येतात तेव्हा पाहतो.

मी हजर असलेल्या एका कार्यशाळेत आमच्याकडच्या कारागिरांना विभागाने वक्ते म्हणून बोलावले होते. त्यांनी भाषण केले नाही. टेबलावर तानपुरा आडवा ठेवला, तार सैल केली आणि घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, सर्वांना जवळून बघू दिली. घोडीचा माथा सपाट नसतो. त्याला पुढच्या बाजूला अगदी थोडा उतार दिलेला असतो आणि कंप पावणारी तार त्या उतारावर हलकेच टेकत राहते, म्हणून आवाज फुलतो. वर्षानुवर्षे वाजवून तारेखाली बारीक खाच पडते, तार तिच्यात बसते आणि आवाज मिटतो. त्यांनी कानशीचे दोन-तीन हलके हात दिले, तार पुन्हा चढवली, घोडी आणि तार यांच्यामध्ये सुती दोरा सरकवला आणि तो केसभर मागेपुढे करत राहिले. एका जागी आवाज बंद, त्याच्या किंचित पुढे कर्कश, आणि या दोहोंच्या मध्ये एक अशी जागा, की जिथे सगळा वर्ग एकदम मान वर करून पाहू लागला. मग प्रत्येक विद्यार्थ्याला तो दोरा स्वतः लावायला दिला. कानस मात्र कोणाच्या हातात दिली नाही, आणि ते योग्यच होते. घोडी एकदा जास्त घासली गेली की ती पुन्हा भरून येत नाही.

ज्यांना पंढरपूरकडच्या भोपळ्याची पारख आहे, तो किती वाळला म्हणजे कापावा हे ज्यांना टकटक करून कळते, त्यांना विद्यापीठाने ‘तंत्रज्ञ’ म्हणून मागच्या दाराने न आणता वक्ते म्हणून बोलवावे आणि मानधनही वक्त्याचेच द्यावे. आवाजाविषयी त्यांना जे कळते, ते शास्त्राच्या तासाला शिकवायच्या योग्यतेचे आहे.

स्वाध्याय

धागाकर्त्यांच्या मुख्य विधानाला माझा विरोध आहे, आणि तो नोंदवणे मला आवश्यक वाटते. प्रत्येक गोष्ट कानाने पडताळता येत नाही. १८७४ मध्ये पुण्यात गायन समाज स्थापन झाला, १९०१ मध्ये गायक विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, आणि संगीत शिकणे मध्यमवर्गीय घरांतल्या मुलामुलींना हळूहळू खुले झाले. हे होताना कोणाला प्रतिष्ठा मिळाली, कोणत्या गायिका आणि कोणती उस्ताद घराणी मागे ढकलली गेली, हा इतिहास पत्रव्यवहार, नियमावल्या आणि वर्तमानपत्रे यांतूनच वाचावा लागतो. असे व्याख्यान देणाऱ्याला ‘गाऊन दाखवा’ म्हणणे अन्यायाचे होईल. शिवाय गाऊन दाखवण्याची अट घातली, की चांगला गळा असलेल्याचे चुकीचे विधानही टाळ्या घेऊन जाते, ही भीती मला मोठी वाटते. विद्यापीठात पुराव्याला मान असला पाहिजे, आणि पुरावा कित्येकदा कागदावर असतो.

अनाहत

स्वाध्याय, तुमचा दुसरा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. सुरेल गळा हा पुरावा नव्हे. म्हणूनच वर दिलेल्या उदाहरणात वक्त्यांनी स्वतः न गाता आधी यंत्र वापरले आणि मग विद्यार्थिनीला गायला लावले, हे मला विशेष वाटले.

इतिहासाच्या व्याख्यानाला ही कसोटी जशीच्या तशी लावू नये, हेही खरे. परंतु तुम्ही ज्या काळाविषयी लिहिले आहे, त्याच काळात, १९०२ मध्ये, कलकत्त्यात गायिका गौहरजान यांचे ध्वनिमुद्रण झाले आणि त्यानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत शेकडो गायक-गायिकांचा आवाज तबकडीवर आला. मागे ढकलल्या गेलेल्या गायिकांविषयी तासभर ऐकताना त्यांतल्या एकीचाही आवाज ऐकवला जात नाही, तेव्हा त्यांच्यावर तोच अन्याय पुन्हा होतो, असे मला वाटते. तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी ऐकवायला वेळ काढता येईल. तबकडीवरचा ख्याल इतका दाटीवाटीने का बसवलेला आहे, ताना लगेच का सुरू होतात, हे सांगायला मग कागदही लागतात आणि कानही.

टेम्सकाठ

मी लंडनमध्ये राहतो आणि इथल्या संगीत महाविद्यालयांतील जाहीर मास्टरक्लास ऐकायला जातो. पियानोवादक फ्रान्झ लिस्टने जर्मनीतल्या वायमारमध्ये आपल्या शिष्यांना एकत्र बसवून एकाला वाजवायला सांगायचे आणि इतरांदेखत दुरुस्त करायचे, अशी पद्धत रूढ केली आणि ती अजून चालू आहे. विद्यार्थी आपली पूर्ण बसलेली रचना वाजवतो, कलाकार चार वाक्यांत काय पटले ते सांगतो, मग एकच ओळ घेऊन वीस मिनिटे काम करतो. श्रोत्याला आधीची ओळ आणि नंतरची ओळ यांत पडलेला फरक ऐकू येतो. धागाकर्त्यांना अपेक्षित असलेली पडताळणी इथे आपोआप होते.

आपल्याकडे हे का रुळले नाही, असा प्रश्न मला नेहमी पडतो. दुसऱ्या घराण्याच्या शिष्याला जाहीरपणे दुरुस्त करणे म्हणजे त्याच्या गुरूंच्या तालमीवर बोट ठेवणे, असे आपण मानतो. त्या संकोचात आदर आहे, हे मला समजते, पण त्यातून वाट निघायला हवी.

झपताल

वाट आहे, आणि ती काही गुरू वापरतात. घराण्याच्या गायकीला हात न लावता श्वास, आवाजाचा लगाव (आवाज लावण्याची पद्धत), शब्दोच्चार आणि लयीशी असलेले नाते एवढ्यावरच बोलायचे, असे ते सुरुवातीलाच जाहीर करतात. विद्यार्थ्याच्या गुरूंची परवानगी आधी घेतलेली असते, आणि शक्य असेल तर त्यांना पहिल्या रांगेत सन्मानाने बसवलेले असते. मध्य लयीतल्या झपतालात सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, गाठताना शब्द कसा तुटतो, हे मला स्वतःला असेच सर्वांसमोर सांगितले गेले. अवघडायला झाले, पण ते वर्गात कितीदा सांगूनही माझ्या लक्षात आले नव्हते.

मांडवीतीर

गोवा विद्यापीठातल्या एका चांगल्या प्रथेची नोंद इथे व्हावी. तिथे अभ्यागत प्राध्यापकांची अध्यासने आहेत आणि त्यांतले एक पाश्चात्त्य संगीतासाठी, माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांच्या नावाने आहे. हिंदी चित्रपटसंगीतात वाद्यवृंदरचनेचे मोठे काम त्यांनी केले आणि संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. या अध्यासनांखाली होणारे अल्प मुदतीचे अभ्यासक्रम विद्यार्थ्यांबरोबर सर्वसामान्य नागरिकांनाही खुले ठेवलेले आहेत. एका संध्याकाळच्या भाषणापेक्षा ओळीने काही दिवस एकाच विषयावर बसता येणे श्रोत्याच्या फार उपयोगी पडते.

पडताळणीचे आमच्याकडचे उदाहरण मांड्याचे. मांडो हा गोव्यातला कोंकणी गीतप्रकार दोन आवाजांत गायला जातो आणि दुसरा आवाज बहुतेक वेळा पहिल्यापासून तिसऱ्या किंवा सहाव्या स्वरावर समांतर चालतो. हे वाक्य वाचून हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्या माणसाला काही बोध होत नाही. एका कार्यशाळेत सभागृहाचे दोन भाग केले, डाव्या बाजूला मूळ चाल आणि उजव्या बाजूला दुसरा आवाज शिकवला, घुमट या मातीच्या चर्मवाद्यावर ठेका धरला आणि दोन्ही बाजूंना एकदम गायला लावले. आपल्या बाजूची चाल सोडून शेजारच्या चालीकडे न घसरणे किती कठीण असते, हे तिथे बसलेल्या तयारीच्या भजनी मंडळींनाही जाणवले. संवादी स्वरांची मेळवण म्हणजे काय, हे मग शिक्षकांनी पाच मिनिटांत सांगितले आणि सर्वांना कळले.

वकिली चष्मा

ध्वनिमुद्रणाचा विषय झपतालच्या प्रतिसादात येऊन गेला, त्याला जोडून लिहितो. विभागांनी या कार्यक्रमांचे मुद्रण करून जपले पाहिजे. गुरुग्राममधील, १९८२ मध्ये स्थापन झालेल्या संगीतविषयक अभिलेखागारासारख्या संस्थांनी हे काम शिस्तीने कसे करावे याचा पाठ घालून दिलेला आहे. परंतु मुद्रण करण्यापूर्वी संमती घेणे, हा कायद्याचाही भाग आहे. प्रताधिकार कायदा, १९५७ मध्ये ‘सादरकर्ता’ या व्याख्येत गायक-वादकांबरोबर व्याख्यान देणारी व्यक्तीही येते. सादरीकरण ज्या वर्षी झाले त्याच्या पुढच्या वर्षारंभापासून ५० वर्षे सादरकर्त्याचा त्या सादरीकरणावरील हक्क टिकतो. खाजगी वापरासाठी किंवा निव्वळ अध्यापन-संशोधनासाठी केलेल्या मुद्रणाला सूट आहे, मात्र तेच मुद्रण विभागाच्या यूट्यूब वाहिनीवर टाकले, की विषय वेगळा होतो. साथीदारांचाही स्वतंत्र हक्क असतो, हे बहुतेक वेळा विसरले जाते.

झपताल

आमच्याकडे एका ज्येष्ठ कलाकारांनी मुद्रणाला नकार दिला, कारण त्यांच्या गुरूंनी दिलेल्या काही बंदिशी बाहेर जाऊ नयेत अशी त्यांची इच्छा होती. त्यामुळे संपूर्ण कार्यशाळेची कोणतीच नोंद राहिली नाही. अशा वेळी संमतिपत्र कसे असावे?

वकिली चष्मा

सगळे किंवा काहीच नाही, असा पर्याय ठेवू नये. संमतिपत्र कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात मराठीत पाठवावे. मंचावर चढताना सही घेऊ नये. त्यात भाषण, गायन आणि प्रश्नोत्तरे यांसाठी वेगवेगळी संमती विचारावी. ग्रंथालयात बसून ऐकणे, विद्यार्थ्यांना प्रत देणे आणि इंटरनेटवर प्रसिद्ध करणे यांसाठीही वेगवेगळ्या चौकटी असाव्यात. कलाकाराने विशिष्ट बंदिशी वगळायला सांगितल्या, तर तेवढा भाग मुद्रित करू नये आणि तसे नोंदवहीत लिहून ठेवावे. तबला, पेटी आणि तानपुऱ्यावर बसणाऱ्यांच्या सह्या स्वतंत्र घ्याव्यात. प्रश्न विचारणाऱ्या श्रोत्यांना मुद्रण सुरू असल्याची सूचना सुरुवातीलाच द्यावी. एवढे केले, तर तुम्ही सांगता तशा प्रसंगी निदान स्पष्टीकरणाचा आणि चर्चेचा भाग तरी जपला जाईल.

मिरजेहून

त्या यादीत वाद्य लावणाऱ्या कारागिरांचेही नाव घालावे, आणि कार्यक्रमाच्या नोंदीत वाद्य कोणाच्या हातचे आहे तेही लिहावे. आवाज पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला ती माहिती लागेल.